नोव्हेंबरचं सॅन्टोरिनी: निवांत बेट की बंद दुकान?

सांजवारा

गेल्या नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सहा दिवस ग्रीसमधल्या सॅन्टोरिनी बेटावर काढले. परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "अहो, तेव्हा तिथे असतं काय?" म्हणून हा धागा. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांची सोय होईल: या बेटावर जायचं तर क्रूझचा हंगाम ओसरल्यावरच जावं.

मी तिथे आधी एकदा जुलैत क्रूझनेच गेलो होतो. काल्डेऱ्यात, म्हणजे ज्वालामुखीच्या समुद्राने भरलेल्या विवरात, त्या दिवशी पाच जहाजं होती. पाणी इतकं खोल की मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, मध्येच उभी राहतात आणि छोट्या बोटींनी माणसं जुन्या बंदरात आणून सोडतात. तिथून वर फिरा गावात जायला केबल कार, खेचर नाहीतर स्वतःचे पाय. पायऱ्या पाचशे ऐंशीच्या वर. केबल कार तीन मिनिटांत वर नेते, पण त्या तीन मिनिटांसाठी दीड तास रांगेत उभा होतो आणि उतरताना पुन्हा तेवढाच. बेट पाहिलं ते पुढच्या माणसाच्या टोपीवरून.

या वेळी त्याच पायऱ्या एकट्याने उतरलो. खाली एक आजोबा होडीचा तळ खरवडत बसले होते. मी बाजूच्या दगडावर टेकलो. भाषा नाही, त्यामुळे बोलणं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी खिशातून एक संत्रं काढलं, अर्धं मला दिलं आणि पुन्हा खरवडायला लागले.

प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात निळ्या माकडांच्या भित्तिचित्रासमोर वीस मिनिटं उभा होतो, मध्ये कुणी आलं नाही. अक्रोतिरीचं उत्खननही जवळजवळ रिकामं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या राखेखालून निघालेल्या गल्ल्या, दुमजली घरं, रांजण... तिथे आवाज फक्त आपल्याच बुटांचा.

आणि सरकारचाही कल तिकडेच दिसतो. क्रूझमधून उतरणाऱ्या प्रवाशाला २०२५च्या जुलैपासून सॅन्टोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर जून ते सप्टेंबर माणशी २० युरो पडतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात १२, नोव्हेंबर ते मार्च फक्त ४. हे आमंत्रण नाही तर काय?

---

अर्धाकप

लिहिलंयत छान. संत्र्याचं तर फारच. पण आता दुसरी बाजू ऐका.

मीही नोव्हेंबरातच गेले होते, आई-बाबांना घेऊन. बाबांचा गुडघा, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता. इया गावात पोचलो तर ओळीने कुलपं. ज्या पांढऱ्या गच्च्यांचे फोटो बघून आईने हट्ट धरला होता, तिथे उलट्या घातलेल्या खुर्च्या आणि प्लास्टिकखाली झाकलेले तरणतलाव. दोन ठिकाणी ड्रिलिंग चालू. हॉटेलं साधारण ऑक्टोबरअखेर बंद होतात आणि वसंतात उघडतात, त्यामुळे सगळी डागडुजी याच महिन्यांत उरकतात. तुमच्या त्या शांततेत मला सिमेंट मिक्सरच ऐकू आला. सूर्यास्त सव्वापाचच्या आत. त्यानंतर रात्री नऊपर्यंत करायचं काय, सांगा. बस दिवसातून मोजक्या. टॅक्सी शोधायला मी चाळीस मिनिटं घालवली, पावसात.

आणि खरी गंमत शेवटच्या दिवशी. वारा साधारण आठ बोफोर्टवर (वाऱ्याच्या जोराचं माप) गेला की बंदर प्रशासन बोटी रोखून धरतं. ग्रीक लोक त्याला 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. हा शब्द मी आयुष्यभर विसरणार नाही. दोन दिवस अडकलो, अथेन्सहून घरी जायचं विमान चुकलं, नवीन तिकिटांत कंबरडं मोडलं. उन्हाळ्यात गर्दी असते, मान्य. पण रांगेत उभं राहून माणूस निदान पोचतो तरी!

---

सांजवारा

ताई, विमान चुकल्याचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण हा दोष बेटाचा की नियोजनाचा? नोव्हेंबरात बोटीने जाताना परतीच्या विमानाआधी दोन दिवस अथेन्सला मोकळे ठेवायचे असतात. पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, नेहमीची मोठी बोट आठेक तास घेते, आणि ती वाऱ्याच्या मर्जीवर. मी ते दोन दिवस ठेवले होते.

---

अर्धाकप

म्हणजे सहा दिवसांच्या सहलीसाठी आठ दिवसांची रजा. निवांतपणा तो हाच का?

---

हिशेबनीस

दोघांच्या मध्ये पडतो, आकडे घेऊन. :)

बेटावर कायम राहणारे साडेपंधरा हजारांच्या आसपास. २०२३ साली येऊन गेलेले पाहुणे सुमारे ३४ लाख. २०२४च्या जुलैत एकाच दिवशी ११,००० क्रूझ प्रवासी उतरणार होते, तेव्हा "रहिवाशांनी शक्यतो बाहेर पडू नये" अशी पोस्ट बेटावरच्याच एका लोकप्रतिनिधीने टाकली होती आणि बोंबाबोंब झाल्यावर काढून टाकली. यजमानानेच कोठीत बसायचं आणि पाहुण्याने दिवाणखान्यात! आता २०२५पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे. तरी तो आकडा बेटाच्या वस्तीच्या निम्म्याहून जास्तच.

त्यामुळे जुलै बाद, इथवर सांजवारांशी सहमत. पण ४ युरोचं आमंत्रण वगैरे काही पटलं नाही. तो कर भरतो कोण? जहाजातून उतरणारा. तुम्ही बोटीने गेलात, तुम्हाला तो लागूच नव्हता. हॉटेलात राहणाऱ्याचा वेगळा कर आहे, तोही हिवाळ्यात कमी असतो, ते वेगळं. आणि मुळात नोव्हेंबरच्या अखेरीस किती क्रूझ येतात तिथे? सवलत अशा वेळी, जेव्हा घेणारा नाही. याला आमंत्रण म्हणत नाहीत.

---

डेकवरची मावशी

क्रूझ म्हटलं की सगळे तुटून पडतात, म्हणून लिहिते. मी काही वर्षं जहाजावर होते, पाहुण्यांच्या सहलींच्या टेबलावर. नोव्हेंबरच्या फेऱ्या मला सगळ्यात आवडायच्या आणि सगळ्यात जास्त शिव्याही त्याच फेऱ्यांत खाल्ल्या.

कारण असं. ज्या बंदरात जहाज धक्क्याला लागतं तिथे थोडा वारा चालतो. ऱ्होड्सला जहाज जुन्या तटबंदीच्या अंगणातच उभं राहतं म्हणा ना. माल्टातल्या व्हॅलेटाचं बंदरही तसंच, शिवाय ते शहर बारा महिने चालू. पण सॅन्टोरिनीत माणसं छोट्या बोटीत उतरवायची असतात. लाट जरा उसळली की कॅप्टन बंदर गाळतो. मग सकाळी सात वाजता माझ्या टेबलापुढे रांग. "आम्ही फक्त सॅन्टोरिनीसाठी ही क्रूझ घेतली!" करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की बंदर बदलू शकतं. बंदराचे पैसे परत मिळतात, स्वप्नाचे मिळत नाहीत.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. शरद सरता सरता क्रूझ घ्यायची तर असा मार्ग घ्या, ज्यात एक बंदर गळलं तरी जीव तळमळणार नाही. सॅन्टोरिनी हेच लक्ष्य असेल तर जहाजाने जाऊच नका. सांजवारा तिथे बरोबर आहेत, फक्त त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे.

---

टोपणनाव२२

मावशी, हिवाळी वाऱ्यात तिथे एक अख्खं क्रूझ जहाज बुडालं होतं ना? मग कोण जाईल!

---

डेकवरची मावशी

'सी डायमंड' म्हणताय. ५ एप्रिल २००७. वाऱ्याचा काही संबंध नव्हता, काल्डेऱ्यात किनाऱ्याजवळच्या खडकाला धडकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बुडालं. दीड हजारांहून जास्त लोक उतरवले, दोन प्रवासी सापडले नाहीत. जहाज अजून तिथेच तळाशी आहे. त्याचं खापर नोव्हेंबरवर फोडू नका.

---

मावळतीकर

सूर्यास्ताबद्दल कुणीच बोललं नाही, फक्त घड्याळ दाखवलं! जूनमध्ये सूर्य वायव्येला बुडतो, म्हणून इयाच्या किल्ल्यावरून तो उघड्या समुद्रात बुडताना दिसतो आणि तिथे चेंगराचेंगरी होते. नोव्हेंबरअखेर तो बराच नैऋत्येला सरकलेला असतो. इयातून पाहिलात तर समोरच्या तिरासिया बेटाच्या आड जातो. फोटोतला सूर्यास्त तिथे मिळत नाही. फिराच्या कड्यावर बसा. तिथून तो काल्डेऱ्यातल्या काळ्या नेआ कामेनी बेटाच्या अंगाने खाली जातो, ज्या ज्वालामुखीचा शेवटचा उद्रेक १९५०मध्ये झाला. ढग असले तर जास्तच बघण्यासारखं. अर्धाकप ताई, तुम्ही इयात थांबलात हीच चूक झाली असणार.

---

अर्धाकप

आम्ही थांबलो तिथे ढग होते, धुकं होतं आणि ड्रिल होतं. सूर्य कोणत्या दिशेला होता ते बघायची संधी मिळाली नाही. पण ही माहिती खरंच कामाची आहे, धन्यवाद.

---

पाचोळा

मूळ लेखातलं एक वाक्य मला खटकतंय. वाक्य नाही, सूर. "आता खरं बेट भेटलं" असा तो सूर आहे. सांजवारांनी हे शब्द लिहिलेले नाहीत, पण संत्रं त्याचसाठी आलंय.

नोव्हेंबरात जे बेट दिसतं ते कोणाचं? उन्हाळ्यात खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, बोटी चालवणारे कितीतरी जण हंगामापुरते आलेले असतात. हंगाम संपला की ते गेले. दुकानमालकांपैकीही अनेक जण अथेन्सला किंवा आपल्या गावी. २०२५च्या फेब्रुवारीत भूकंपांचं सत्र सुरू झालं, आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा ११,०००हून अधिक लोक बेट सोडून गेले. ऐन ऑफ-सीझनमध्ये! उन्हाळ्यात तीच वेळ आली असती तर किती जणांना हलवावं लागलं असतं, कल्पना करा. त्या आठवड्यात जो मागे राहिला तो खरा बेटवाला, आणि जो गेला तो नाही, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

तिथले लोक निघून जाण्यात जुने वस्ताद आहेत. अक्रोतिरीत पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी १९६७ साली खणायला घेतलं, शहर सापडलं, सामान सापडलं, पण माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. लोक उद्रेकाआधीच निसटले होते. ९ जुलै १९५६च्या भूकंपानंतरही कितीतरी कुटुंबं कायमची अथेन्सला गेली. इया तेव्हा ओस पडलं होतं. आज ज्या गुहाघरांतल्या खोल्यांचे भाव ऐकून घेरी येते ती त्याच पडक्या घरांतून उभी राहिली, पाहुण्यांच्या पैशावर. म्हणजे गर्दी काढून टाकली की खाली जुनं अस्सल बेट शिल्लक असेल हा हिशेबच चुकतो. गर्दी नव्हती तेव्हा तिथे पडझड होती.

निवांतपणा आवडला म्हणा, कबूल. त्याला अस्सलपणाचा शिक्का मारू नका.

---

हिशेबनीस

पाचोळा, +१. सांजवारा, याला उत्तर द्या बुवा.

---

सांजवारा

देतो. वाचून रात्रभर डोक्यात राहिलं, खोटं कशाला बोला.

संत्र्याचं बरोबर पकडलंत. ते आजोबा 'खरे' आणि जुलैत मला कॉफी देणारी मुलगी 'खोटी' असं मनात कुठेतरी होतं. ती मुलगी कुठून आली होती ते मी विचारलंही नव्हतं, रांगेच्या वैतागात होतो. एवढं मागे घेतो.

पण एक सोडत नाही. पाचव्या दिवशी पिर्गोस गावाच्या खालच्या बाजूला वेली बघत फिरलो. तिथे द्राक्षाची वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीलगत टोपलीसारखी गोल वळवतात, म्हणजे वारा झोडपत नाही आणि दव आत धरून राहतं. 'कुलुरा' म्हणतात. नोव्हेंबरात पानं झडत आलेली असतात, त्यामुळे तो सांगाडा, पीळ न् पीळ उघडा दिसतो. ऑगस्टमध्ये तोडणीला आलेल्या माणसाला पानांत तो दिसत नाही. हे अस्सल आहे की नाही ते सोडा, पण ते तेव्हाच दिसतं. माझा मुद्दा एवढाच उरतो.

---

अर्धाकप

हा मुद्दा मला मान्य. आई मात्र वेली बघायला आली नव्हती हो, ती निळा घुमट बघायला आली होती. तिला मी कुठे नेऊ?

---

डेकवरची मावशी

आईंना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात न्या. हॉटेलं चालू असतात, पाणी कोमट असतं, गुडघ्यासाठी टॅक्सी मिळते. नोव्हेंबरच हवा असेल तर क्रीट. मोठं बेट, सहा लाखांवर वस्ती, तिथलं हेराक्लिओन शहर पर्यटकांवर थांबून नाही, क्नोसोसचा प्राचीन राजवाडा जवळच. पण तिथून सॅन्टोरिनीला जोडून जाऊ असं ठरवू नका, मधल्या वेगवान बोटी हंगामापुरत्याच असतात.

---

टोपणनाव२२

सगळं वाचलं. वाचायच्या आधीच १४ नोव्हेंबरची तिकिटं काढून बसलोय, बोटीची. रद्द होत नाहीत. परतीच्या विमानाआधी अथेन्सला किती दिवस ठेवू?

---

सांजवारा

दोन.

---

अर्धाकप

तीन. आणि खिशात संत्रं ठेवा.