मदत हवी आहे : ग्रिड लावूनही वावरातले फोटो सपाटच

धुऱ्यावरची : मोबाइलच्या पडद्यावर ग्रिडच्या आडव्या-उभ्या रेघा लावून झाल्या, एक तृतीयांशचा नियम (बैल मधोमध नको, चौकटीच्या तिसऱ्या भागाच्या रेघेवर हवा) पाळून झाला, तरी फोटो असे येतात जसे तलाठ्याने पंचनाम्याला काढले. आठ दिवस झाले, रोज काढून राहिली. पोळ्याच्या आत जमायला पाहिजे. नेमकं काय चुकतं ते सांगा, 'सराव करा' सांगू नका.

वऱ्हाडी_लेन्स : कॅमेरा की मोबाइल? फोटो कशाचा? किती वाजता? फोटो तरी जोड ना ताई.

धुऱ्यावरची : मोबाइलच, अजून काय! आमची बैलजोडी, मागे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. दुपारी, बाबा जोडी सोडतात तेव्हा. गाव दारव्ह्याकडे. जोडला फोटो.

किरणवेडा : दुपारी? तिथेच संपलं. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास धर.

वऱ्हाडी_लेन्स : श्रावणात कुठला सूर्य बापा? झड लागली की दिवसभर एकच उजेड.

कास्तकार_माणूस : फोटो पाहिला. डाव्या अंगची पऱ्हाटी पिवळी पडून राहिली, पाणी साचलं हाय. चर काढा पहिले, फोटो मंग.

जुनी_रीळ : हा एक तृतीयांशचा नियम जॉन थॉमस स्मिथने 1797 मध्ये निसर्गचित्रांसाठी लिहिला. चित्रकार बैल उचलून दुसरीकडे ठेवू शकतो. आपल्याला स्वतःच सरकावं लागते.

वऱ्हाडी_लेन्स : दारव्ह्याकडे त्या छोट्या शकुंतला रेल्वेचे रूळ आहेत ना! अडीच फुटी रूळ, नजर सरळ आत घेऊन जातात. तिथे जा.

धुऱ्यावरची : दादा, रुळावर बैल नेऊ का? 😡

पांदणवाला : बैलाचं डोकं पाहा, अख्खं हिरव्यात बुडालं. सपाट रानात क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. तू उभी, म्हणून रेघ तुझ्या डोळ्याएवढी वर अन् बैल सगळा तिच्या खाली. खाली बस. शिंगं, वशिंड आभाळात निघतील. ढगाळ दिवशी तर आकार अजूनच उठून दिसते.

धुऱ्यावरची : बसली तर पऱ्हाटीच दिसते. कमरेला आली.

पांदणवाला : हे आता सांगते? मग वावरात नको, जोडी पांदणीवर आण. बंडीच्या चाकोऱ्या फोटोच्या कोपऱ्यातून सुरू होऊन बैलापर्यंत जाऊ दे. अन् मोबाइलची ती 0.5 वाली रुंद लेन्स बंद कर, त्यात मागचं सगळं बारीक होते. पोळ्याला तोरणाखाली जोड्या लागल्या की हेच कामी येईल. बसून काढशील तर तोरण वरून, शिंगं खालून, चौकट आपोआप. झडत्या (पोळ्यात म्हणतात ती गाणी) सुरू व्हायच्या आधीच जागा धर, मग गर्दीत कोणी बसू देत नाही.

किरणवेडा : तरी उजेड पाहिजेच.

धुऱ्यावरची : काढला आज बसून, चिखलात! शिंगं आभाळात आली एकदाची. पण विजेची तार बरोबर वशिंडातून आरपार गेली.

पांदणवाला : दोन पावलं डावीकडे सरक.

कास्तकार_माणूस : चर काढला का?