चिनी भाषेतील 'चाखणे' : छांग, फिन आणि वेइ

भाषापथिक :
चिनी भाषेचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून मी सध्या वृत्तपत्रे वाचण्याचा सराव करीत आहे. 'छांग' या क्रियापदाचा अर्थ चाखणे असा शिकवला गेला होता. मात्र 'छांगशी' म्हणजे प्रयत्न करून पाहणे, 'वेइछांग' म्हणजे कधीही न घडलेले, आणि 'बाओछांग', शब्दशः पोटभर चाखणे, म्हणजे दुःख किंवा हालअपेष्टा पुरेपूर भोगणे, असेही प्रयोग वारंवार आढळतात. चाखण्याचा भूतकाळाशी आणि हालअपेष्टांशी संबंध कसा आला असावा? शिवाय 'फिन' आणि 'वेइ' हे शब्दही चवीचेच आहेत. मग या तिघांत नेमका भेद कोणता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पूर्वसमुद्र :
प्रश्न चांगला आहे. प्रथम एक खुलासा करतो. 'वेइछांग'मधील 'वेइ' म्हणजे 'अजून नाही'. चवीचा 'वेइ' हा निराळा शब्द आहे. उच्चार सारखा असण्याला कारणही आहे : चवीच्या अक्षरात डावीकडे तोंडाचे चिन्ह असून उजवीकडे हाच नकारार्थी 'वेइ' केवळ ध्वनी दाखवण्यासाठी बसवलेला आहे.

आता 'छांग'विषयी. इ.स. 100च्या सुमारास शू शेन यांनी रचलेल्या कोशात 'तोंडाने चव घेणे' हाच त्याचा अर्थ दिला आहे. चव घेणे, त्यावरून पारखून पाहणे, पुढे अनुभवास येणे आणि अखेरीस 'पूर्वी कधीतरी घडलेले असणे', असा अर्थविस्तार सामान्यतः सांगितला जातो. मला तो पटतो, कारण जुन्या चिनी कथांत चाखणारा माणूस बहुधा जिभेचे लाड पुरवीत नसतो. तो स्वतःच्या देहावर एखादी गोष्ट अजमावत असतो. इ.स.पू. 2ऱ्या शतकातील 'ह्वाइनानझी' या ग्रंथात शेननोंग हा पौराणिक राजा शेकडो वनस्पती आणि झऱ्यांचे पाणी चाखून पाहतो, ते लोकांना काय घ्यावे आणि काय टाळावे हे कळावे म्हणून, आणि त्यापायी एका दिवसात त्याची सत्तर विषांशी गाठ पडते.

'वो शिन छांग दान', म्हणजे सरपणावर निजणे आणि पित्त चाखणे, ही म्हण आपण वाचली असेलच. सामना हरलेल्या संघाविषयी चिनी वृत्तपत्रे ती हमखास वापरतात. इ.स.पू. 494मध्ये वू राज्याने यूए राज्याचा पराभव केला आणि यूएचा राजा गोउज्यान याला क्वाइजी पर्वतावर शरण जावे लागले. सिमा छियेन यांच्या इतिहासग्रंथानुसार स्वदेशी परतल्यावर त्याने आसनाजवळ पित्ताशय टांगून ठेवले. उठता-बसता तो त्याकडे पाही, जेवताना ते कडू पित्त चाखे आणि 'क्वाइजीची मानहानी तू विसरलास काय?' असे स्वतःलाच विचारी. इ.स.पू. 473मध्ये त्याने वू राज्य नष्ट केले. म्हणीतला 'सरपणावर निजणे' हा पूर्वार्ध मात्र त्या ग्रंथात नाही. सरपण आणि पित्त यांची सांगड सोंग राजवटीच्या काळातील (इ.स. 960 ते 1279) लेखनात पडलेली दिसते आणि ती गोउज्यानच्या नावावर त्याहूनही नंतर रूढ झाली. 'बाओछांग' हा शब्द सुखापेक्षा दुःखाशीच अधिक का जुळतो, याचा काही उलगडा या पित्तावरून व्हावा.

मंदाकिनी :
पूर्वसमुद्र यांनी गोउज्यानची कथा दिलीच आहे. मला स्वतःला त्याहून 'रानजी' हा शब्द अधिक रंजक वाटतो. त्याचा शब्दशः अर्थ 'बोट बुडवणे' असा असून, आपला हक्क नसलेल्या गोष्टीत वाटा घेऊ पाहणे या अर्थी तो वापरतात. ही हकीकत इ.स.पू. 605ची, झंग राज्यातली आहे. छू राज्याकडून तेथील राजाला एक मोठे कासव भेट आले. दरबारात शिरताना एका सरदाराची तर्जनी आपोआप थरथरू लागली, तेव्हा तो सोबतच्या दुसऱ्या सरदाराला म्हणाला, की असे झाले की मला हटकून काहीतरी अपूर्व चाखायला मिळते. राजाच्या कानी हे गेले आणि त्याने मुद्दाम त्याला वगळून इतरांना वाढले. संतापलेल्या सरदाराने सरळ कढईत बोट बुडवले, ते चाखले आणि तो निघून गेला. राजाने त्याला ठार मारण्याचे मनात आणले, परंतु त्याच उन्हाळ्यात त्या दोघा सरदारांनी राजाचाच वध केला. एका बोटभर रश्श्यापायी राज्यातला राजा गेला, आणि तर्जनी थरथरण्याची ती गोष्ट आज तोंडाला पाणी सुटणे या निरुपद्रवी अर्थाने म्हणीत उरली आहे!

'फिन'चे वळण वेगळे आहे. हे अक्षर तीन तोंडांचे बनलेले आहे. त्यात चाखणे आहेच, परंतु ते सावकाश आणि प्रतवारी लावणारे. म्हणूनच वस्तूचा दर्जा, माणसाचे शील आणि सरकारी अधिकाऱ्याची श्रेणी या तिन्ही अर्थांनी हा शब्द येतो, इ.स. 220मध्ये वेइ राज्यात सुरू झालेली अधिकारी निवडण्याची पद्धत नऊ 'फिन'चीच होती. 6व्या शतकात चोंग रोंग यांनी कवींचीही अशीच उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशी वर्गवारी केली. त्यांचा निवाडा सर्वस्वी मान्य होण्याजोगा नाही, कारण थाव युआनमिंगसारखा थोर कवी त्यांनी मध्यम वर्गात ढकलला आणि हान काळाच्या अखेरचा सेनानी-कवी छाव छाव याला तर कनिष्ठ वर्गात. काव्यात 'झवेइ', म्हणजे स्वाद, असावा हा त्यांचा आग्रह मात्र पुढे टिकला.

भाषापथिक :
दोघांचेही आभार. या 'झवेइ'मुळे आपल्या काव्यशास्त्रातील 'रस' आठवला. या दोहोंत काही प्रत्यक्ष नाते आहे काय? आणि अर्धवट चाखण्याविषयी काही म्हणी आहेत काय?

पूर्वसमुद्र :
काव्यशास्त्रातील रसाशी थेट नाते जोडण्याचे धाडस मी करणार नाही. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात मात्र ते निश्चित आहे : 7व्या शतकात श्वेनझांग, म्हणजे आपला ह्युएन त्संग, यांनी केलेल्या प्रज्ञापारमिताहृदयाच्या चिनी पाठात रूप, शब्द, गंध, रस अशी जी विषयांची यादी येते, तिच्यात रसासाठी 'वेइ' हेच अक्षर आहे. चिनी परंपरेत हा शब्द त्याआधीपासूनच जिभेपलीकडे गेलेला होता. छी राज्यात 'शाव' हे प्राचीन संगीत ऐकल्यावर कन्फ्यूशियसला तीन महिने मांसाची चव कळली नाही, अशी नोंद त्याच्या वचनसंग्रहात आहे.

अर्धवट चाखण्याच्या दोन म्हणी परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत. 'छियेन छांग ज जी', म्हणजे जरासे चाखून थांबणे, ही उथळ अभ्यासाची निंदा आहे. उलट कढईतला एक तुकडा चाखून साऱ्या कढईची चव जाणणे ही प्रशंसा असून तिचे मूळ इ.स.पू. 3ऱ्या शतकातील ल्यू बुवेइ यांच्या ग्रंथात सापडते. आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो, तेच.

मंदाकिनी :
यात 'जीलेइ', म्हणजे कोंबडीच्या फासळ्या, यांची भर घालते. इ.स. 219मध्ये हानझोंगच्या मोहिमेत अडकलेल्या छाव छावने हाच शब्द आज्ञा म्हणून दिला. इतरांना काही उमगेना. यांग शिऊ या कारकुनाने मात्र लगेच सामान बांधायला घेतले. खावे तर अंगावर मांस नाही आणि टाकावे तर जीव होत नाही, तशीच हानझोंगची गत असल्याने सेनापती माघार घेणार, हे त्याने ओळखले होते. नकोशी परंतु सोडवत नाही अशी नोकरी, जुने यंत्र किंवा करार यांना चिनी माणूस आजही 'जीलेइ' म्हणतो.