मामासाहेब मोहोळ आणि चांदीची गदा

वर एका सदस्यांनी लिहिलंय की पुढारी क्रीडासंघटनेत शिरतो तो फक्त खुर्चीसाठी. सरसकट असं म्हणू नका. मुळशीचे आमदार मामासाहेब मोहोळ आठवा.

त्यांनी कुस्तीगीर परिषद उभी केली ते साल 1953. म्हणजे खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक आणलं, त्याच्या पुढचं वर्ष. खाशाबांच्या प्रवासासाठी लोकांना वर्गणी काढावी लागली, प्राचार्य खर्डेकरांना घर गहाण टाकावं लागलं. का? कारण राजाश्रय संपला होता. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना पोसलं, खासबागचं मैदान बांधलं, ते संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. पैलवानाचा खुराक आता कोणी बघायचा? जत्रेतल्या इनामावर किती दिवस निघणार?

त्या पोकळीत एक संघटना उभी राहणं ही माझ्या मते फार मोठी गोष्ट. 1961 पासून परिषदेची 'महाराष्ट्र केसरी' सुरू झाली, औरंगाबादला. पहिला मान दिनकर दह्यारींचा. आज मातीतला विजेता आणि गादीवरचा, म्हणजे मॅटवरचा, विजेता शेवटी एकमेकांना भिडतात. मला ही रचना मनापासून आवडते, कारण तीत गावची तालीमही टिकते आणि पोरगं मॅटलाही सरावतं.

आणि हो, विजेत्याच्या खांद्यावर जी चांदीची गदा दिसते ती मोहोळ कुटुंबाने मामासाहेबांच्या स्मरणार्थ द्यायला सुरुवात केली. नवीन पोरांना हे माहीत असायला हवं.