विषय: मुलाला वाचता येत नाही, शाळा म्हणते थांबा

नमस्कार मंडळी,
इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यातल्याच एका आईचा प्रश्न आहे. नाव न घालता पाठव म्हणाली, म्हणून जसाच्या तसा खाली देते.
— रविवारच्या मराठी शाळेची ताई

"माझा मुलगा तिसरीत आहे. गणपतीत त्याने अख्खं अथर्वशीर्ष न अडखळता म्हटलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं. माझ्या आईने पुण्याहून व्हॉट्सॲपवर रोज दोन-दोन ओळी म्हणून घेऊन ते त्याच्याकडून पाठ करून घेतलं. पण त्याला वाचता येत नाही. परवा 'वॉज' (was) हा शब्द त्याने 'सॉ' (saw) असा उलटा वाचला. पुढच्याच ओळीत तो शब्द पुन्हा आला, तर कधी पाहिलाच नसल्यासारखा थांबला. मग चित्राकडे बघून उरलेलं वाक्य मनानेच रचून सांगितलं.

शाळेत दोन वर्षं सांगते आहे. बाई म्हणतात, घरी दुसरी भाषा बोलता ना, मग वेळ लागणारच, मराठी बंद करून बघा. पास होतोय तर तपासणी कशाला, असंही म्हणाल्या. आम्ही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत. जास्त मागायला गेलो तर कुठेतरी नोंद होईल, अशी ह्यांना धास्ती आहे. आम्हाला हे मागता येतं का?"

---

पुन्हा: मुलाला वाचता येत नाही, शाळा म्हणते थांबा

अगं, येतं. आणि त्याचा तुमच्या व्हिसाशी काही संबंध नाही. आयडिया नावाचा इथल्या केंद्र सरकारचा कायदा आहे, मूळचा १९७५चा. डिसॅबिलिटी असलेल्या, ३ ते २१ वयाच्या, राज्यात राहणाऱ्या मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवणं पब्लिक स्कूलवर, म्हणजे इथल्या सरकारी शाळेवर बंधनकारक आहे, तेही फुकट. १९८२ साली प्लायलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने तर कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही पब्लिक स्कूलचं दार बंद करता येणार नाही असं सांगितलं. तुम्ही तर रीतसर आलेली माणसं.

तुझ्या पत्रातलं मला लागलं ते "सांगते आहे". माझ्या मुलीला एका कानाने कमी ऐकू येतं. मीही अशीच सांगत राहिले. सकाळी सोडताना दाराशी, फोनवर, पालकसभेच्या दहा मिनिटांत. सगळे गोड बोलायचे, "बघू या" म्हणायचे. वर्ष गेलं. मग फाइल मागवून बघितली, तर माझ्या विनंतीचा एकही कागद तिच्यात नव्हता. तिचं ते वर्ष मला अजून छळतं.

म्हणून लेखी दे. न्यू जर्सीत लेखी विनंती पोचली की २० दिवसांत चाइल्ड स्टडी टीमने, म्हणजे शाळेच्या तज्ज्ञांच्या गटाने, तुमच्याबरोबर बसून तपासणी करायची की नाही ते ठरवायचं असतं. मधल्या शाळेच्या सुट्ट्या वगळतात, उन्हाळ्याची मोठी सुट्टी मात्र वगळत नाहीत. तुम्ही संमतीची सही केलीत की ९० दिवसांत तपासणी, निर्णय, आणि पात्र ठरला तर आयईपी, म्हणजे त्याला काय आणि कसं शिकवायचं याचा त्याच्यापुरता लेखी आराखडा, चालूसुद्धा व्हायला हवा. नकार द्यायचा असेल तर तोही कारणासकट लेखी द्यावा लागतो.

चार ओळी पुरेत. मुलाचं नाव, इयत्ता, वाचताना नेमकं काय अडतं, आणि "स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण तपासणी करावी" हे वाक्य. वर्गाच्या बाईंना देऊन थांबू नकोस. पत्र स्कूल डिस्ट्रिक्टच्या (गावातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कार्यालयाच्या) स्पेशल सर्व्हिसेसच्या डायरेक्टरच्या नावाने लिही आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घे.
— ताई

---

पुन्हा: पुन्हा: मुलाला वाचता येत नाही, शाळा म्हणते थांबा

मी इथल्या पब्लिक स्कूलमध्ये स्पेशल एज्युकेशन शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो.

वहिनी, मराठी अजिबात बंद करू नका. ऐकलेलं त्याच्या लक्षात राहतं, संस्कृतसुद्धा. अडतंय ते छापील अक्षराशी. अथर्वशीर्षाची गोष्ट मीटिंगमध्ये जशीच्या तशी सांगा. इंग्रजी कमी येतं एवढ्यावरून मुलाला डिसॅबिलिटी आहे असं ठरवता येत नाही, आणि घरी दुसरी भाषा आहे एवढ्यावरून नाही असंही ठरवता येत नाही. "पास होतोय" हेही कारण चालत नाही. वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलांनाही हुडकून काढणं हे शाळेचंच काम, असं नियमात स्पष्ट आहे. डिस्लेक्सियाचं, म्हणजे छापील शब्द वाचताना येणाऱ्या अशा अडचणीचं, तर कायद्यात नाव घेतलेलं आहे.

आधी छोट्या गटात वाचन घेऊ, मग बघू, असं कदाचित म्हणतील. गट चांगला असतो, मुलाला जरूर बसवा. पण त्या नावाखाली तपासणी लांबवता येत नाही. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०११ साली सगळ्या राज्यांना तसं कळवलेलं आहे.

किंवा ५०४ प्लॅन पुढे करतील. हे डिसॅबिलिटीवरून भेदभाव करू नये असं सांगणारं १९७३च्या कायद्यातलं कलम. त्यातून बहुतेक वेळा परीक्षेला वाढीव वेळ, प्रश्न वाचून दाखवणं अशा सवलती मिळतात. काही मुलांना तेवढं पुरतं. पण ज्याला शब्दच फोडता येत नाही त्याला अर्धा तास जास्त देऊन काय होणार? त्याच्याजवळ बसून अक्षर आणि आवाज यांची जोडी बसवणारं कुणीतरी हवं, आणि ते आयईपीत लिहून घ्यावं लागतं: आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, गटात किती मुलं. २०१७च्या एंड्रू एफ. खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हावी असा आयईपी हवा.

शाळेची तपासणी पटली नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाची तपासणी शाळेच्या खर्चाने मागा. द्यायची नसेल तर आपली तपासणी योग्य होती हे शाळेला सुनावणीत सिद्ध करावं लागतं. नुअर्कची 'स्पॅन' ही संस्था न्यू जर्सीतल्या पालकांना यात फुकट मदत करते.

---

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: मुलाला वाचता येत नाही, शाळा म्हणते थांबा

ताई, काका, आज सकाळी पत्र दिलं. ह्यांनी स्वतः नेऊन दिलं. ऑफिसमधल्या बाईंनी प्रतीवर शिक्का मारला, ती मी फ्रिजवर लावली आहे. एक विचारायचं होतं: पुढच्या महिन्यात माझी आई येते आहे. तिला मीटिंगला नेलं तर चालेल का? तिला इंग्रजी समजतं, बोलायला बिचकते.

---

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: मुलाला वाचता येत नाही, शाळा म्हणते थांबा

जरूर ने. मुलाला जवळून ओळखणारं माणूस पालकांना बरोबर आणता येतं, आणि ते कोण हे तुम्हीच ठरवायचं. कोण येणार ते फक्त आधी ईमेलने कळव. आजींनी मराठीत सांगावं, तू इंग्रजीत सांग. तुला किंवा ह्यांना तिथली चर्चा इंग्रजीत अवघड जाणार असेल तर दुभाषाही शाळेनेच द्यायचा असतो, तो त्याच ईमेलमध्ये माग. आणि पाठ करून घेताना तो कुठे अडायचा, कशाने सुटायचा, हे आजींकडून आत्ताच वहीत उतरवून घे.
— ताई