मदत हवी आहे : शेअर बाजाराच्या बातमीत ‘कारण’ किती खात्रीने लिहावे?

नमस्कार. मी नागपुरातील एका मराठी दैनिकात अर्थविषयक पानाचे काम पाहते. बाजाराची बातमी आम्ही ज्या पद्धतीने लिहितो, तिचा वाचकाच्या खरेदी-विक्रीवर आणि पर्यायाने भावावर काय परिणाम होतो, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

दुपारी साडेतीनला बाजार बंद होतो आणि थोड्याच वेळात वृत्तसंस्थेची कॉपी येते. तिच्यात आकडे असतात आणि पहिल्याच वाक्यात कारणही असते. गडचिरोली-चंद्रपूरकडे जाणाऱ्या डाक आवृत्तीचे पान लवकर सोडावे लागत असल्याने त्या कारणाची शहानिशा करायला सवड मिळत नाही. सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) दीडशे-दोनशे अंशांनी उतरला की ‘नफावसुली’ (भाव वाढल्यावर शेअर विकून नफा काढून घेणे) आणि चढला की ‘जागतिक बाजारातील सकारात्मक संकेत’ हे ठरलेलेच असते. रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर) जैसे थे ठेवला, तर त्याच निर्णयाने एकदा ‘बाजाराला दिलासा’ मिळतो आणि दुसऱ्यांदा ‘बाजाराची निराशा’ होते. भाव आधी हलला आणि कारण मागाहून शोधले गेले, असे मला अशा वेळी प्रकर्षाने वाटते.

काही दिवस मात्र असे येतात की कारणाबद्दल शंका घ्यायला जागाच उरत नाही. १ जून २०२४ च्या संध्याकाळी वाहिन्यांवर लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज आले. सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स सुमारे २,५०० अंशांनी उसळला. ४ जूनला प्रत्यक्ष निकाल वेगळे लागताना दिसताच तो सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला आणि ५ जूनला त्याने पुन्हा २,३०० अंशांची भरपाई केली. सोमवारच्या तेजीला मुख्य आधार होता तो अंदाजांच्या बातम्यांचा. त्या दिवशी वरच्या भावाने खरेदी केलेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी काय झाले असेल, याचा विचार बातमी लिहिणाऱ्याने करायला हवा, असे मी मनापासून मानते.

माझी दुसरी अडचण एकेका कंपनीच्या बातमीची आहे. काटोल रोडवर मुख्यालय असलेली मॉइल ही सरकारी कंपनी मँगनीज खनिजाचे दर वेळोवेळी बदलते आणि तसे शेअर बाजारांना कळवते. कंपनी नागपूरची असल्याने दरवाढीची बातमी आमच्याकडे ठळक लागते, पण ती वाचकाच्या हाती पडते दुसऱ्या दिवशी सकाळी. एकदा साडेआठच्या सुमारास एका वाचकाचा फोन आला आणि त्यांनी विचारले, “मॅडम, बातमी वाचली, बाजार उघडल्याबरोबर घेऊन टाकू का?” सल्ला देणे माझ्या अधिकारात नाही, तसे मी त्यांना सांगितले. परंतु ही माहिती आदल्या दिवशीच जाहीर झालेली आहे आणि शेअरचा भाव तेव्हाच हललेला असू शकतो, हे आमच्या बातमीत कुठेही लिहिलेले नव्हते.

जुनी माहिती नव्या ठळकपणे छापली की काय घडते, याचे अमेरिकेतील एक उदाहरण अभ्यासकांनी तपासलेले आहे. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ३ मे १९९८ च्या रविवारी कर्करोगावरील एका संभाव्य औषधाची बातमी पहिल्या पानावर दिली आणि तिच्यात एन्ट्रेमेड या छोट्या कंपनीचा उल्लेख होता. शुक्रवारी १२ डॉलरच्या आसपास असलेला शेअर सोमवारी ८५ डॉलरला उघडला आणि ५२ डॉलरच्या जवळ बंद झाला. ते संशोधन पाच महिन्यांहून अधिक काळ आधीच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि याच वृत्तपत्राने त्याची बातमी तेव्हा आतल्या पानावर दिलीही होती.

आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की आपल्या पानामुळे बाजार हलत नाही, तेव्हा एवढा घोळ घालण्याचे कारण नाही. मला हे पटत नाही, पण प्रतिवादासाठी लागणारा अभ्यास माझ्याकडे नाही. प्रादेशिक वृत्तपत्राचा गुंतवणूकदारांवर खरोखर परिणाम होतो, असे कोणी तपासले आहे का? आणि कारण ठाऊक नसेल त्या दिवशी बातमी कशी लिहावी?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षे बर्डीवरच्या एका शेअर दलालाच्या कार्यालयात काम केले आहे, त्यामुळे दुसऱ्या अडचणीबद्दल आधी लिहितो. सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीला महत्त्वाची माहिती शेअर बाजाराला कळवावी लागते आणि बाजाराच्या संकेतस्थळावर ती वेळेसह दिसते. ती वेळ आणि त्या दिवशीचा बंद भाव या दोन गोष्टी बातमीत आल्या, तर सकाळी सव्वानऊला खरेदी करू पाहणाऱ्या वाचकाला माहिती किती शिळी आहे ते आपोआप समजेल. दलालाच्या दालनात बसून मी हेच पाहिले आहे की वृत्तपत्राचे पान घडी घालून हातात धरलेला ग्राहक बाजार उघडताच खरेदी सांगतो आणि आदल्या दिवशी घेतलेले लोक त्याच वेळी विकत असतात.

अफवांच्या बातम्यांबाबत सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, नियम केला आहे. बाजारमूल्यानुसार (सर्व शेअरच्या एकूण किमतीनुसार) पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून, माध्यमांतील बातमीमुळे भावात लक्षणीय हालचाल झाल्यास २४ तासांच्या आत दुजोरा, इन्कार किंवा खुलासा करावा लागतो. त्यामुळे ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आलेली बातमी छापण्यापूर्वी असा खुलासा आला आहे का, हे अवश्य पाहावे.

एक विनंती मथळ्यांबद्दल. १७ मे २००४ रोजी सेन्सेक्स ५६५ अंशांनी पडला, ती घसरण ११ टक्क्यांहून अधिक होती. ४ जून २०२४ ची ४,३९० अंशांची घसरण पावणेसहा टक्क्यांच्या आसपास होती. केवळ अंश छापले तर दुसरी घसरण जवळजवळ आठपट मोठी वाटते आणि म्हातारी माणसे घाबरून म्युच्युअल फंड मोडायला धावतात. टक्केवारी मथळ्यातच द्यावी.

प्रतिसाद २

मी वाणिज्य शाखेत शिकवते. आपल्या वरिष्ठांच्या मुद्द्याला थेट उत्तर देणारा अभ्यास एंगलबर्ग आणि पार्सन्स या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील १९ स्थानिक क्षेत्रांत, एकाच कंपनीच्या आर्थिक निकालाची बातमी स्थानिक वृत्तपत्राने दिली तिथे आणि दिली नाही तिथे, लोकांनी किती व्यवहार केले याची त्यांनी तुलना केली. बातमी छापली गेली तिथे व्यवहार वाढलेले आढळले. मग वाढले ते बातमीमुळेच कशावरून, असा प्रश्न येतो. त्यासाठी त्यांनी प्रचंड खराब हवामानामुळे वृत्तपत्र वेळेवर पोहोचू न शकलेले दिवस पाहिले, तर त्या दिवशी हा संबंध तुटलेला दिसला. पुढे पेरेस यांनी चार युरोपीय देशांतील वृत्तपत्रांच्या संपांचा अभ्यास २०१४ मध्ये मांडला. संपाच्या दिवशी उलाढाल सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती, परंतु एकूण बाजाराच्या परताव्यात (भावांच्या चढ-उतारातून होणाऱ्या नफ्या-तोट्यात) फरक पडला नव्हता.

म्हणजे आपल्या पानाने सेन्सेक्स हलत नाही, हे वरिष्ठांचे म्हणणे मान्य करता येईल. मात्र वाचकाचा हात हलतो, आणि छोट्या कंपनीच्या बाबतीत तेवढ्यानेही भावावर ताण येऊ शकतो. कारण ठाऊक नसेल तेव्हा ‘याच सुमारास अमुक घडले’ असे लिहावे आणि ‘अमुक घडल्यामुळे’ हा शब्दप्रयोग ठोस आधार असेल तेव्हाच करावा, असे माझे मत आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. हवामान आणि संपाचे अभ्यास मी वरिष्ठांपुढे ठेवते. टक्केवारी मथळ्यात घेणे माझ्या हातात आहे, ते लगेच करता येईल. कंपनीच्या बातमीत कळवल्याची वेळ आणि बंद भाव द्यायचा, तर डाक आवृत्तीच्या घाईत ते संकेतस्थळावरून स्वतः काढावे लागेल. दालनात काम केलेल्यांनी त्यासाठी सर्वांत कमी वेळाची पद्धत कोणती, हेही कृपया सांगावे. मॉइलच्या पुढच्या दरबदलाची बातमी त्याच पद्धतीने देण्याचा माझा विचार आहे.