शब्दचर्चा : ‘फ्लाइट’ला मराठीत काय म्हणायचं?

सड्यावरचा :
गेल्या महिन्यात मुंबईला भाच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी तो मला बिअर टेस्टिंगला घेऊन गेला. तिथे मागे काचेआड मोठमोठ्या टाक्या, म्हणजे बिअर तिथेच गाळतात. वेटरने अदबीने विचारलं, “काका, फ्लाइट घेणार?” म्हटलं, “नाही रे बाबा, सकाळची मांडवी पकडून रत्नागिरीला जाणार.” टेबलावरची पोरं अजून हसतायत.

तर फ्लाइट म्हणजे लाकडी फळीवर ओळीने मांडलेले चार-पाच चिमुकले ग्लास, प्रत्येकात वेगळी बिअर. चव घ्यायची आणि आवडेल तिचा मोठा ग्लास मागवायचा. माझे प्रश्न असे : या फ्लाइटला मराठीत काय म्हणाल? आणि ‘क्राफ्ट बिअर’ला, म्हणजे अशा छोट्या जागी थोडी थोडी करतात त्या बिअरला? ‘हस्तकला बिअर’ लिहिणाऱ्याला उत्तर मिळणार नाही.

खाडीपलीकडची :
काका, आधी एक दुरुस्ती. बिअर गाळत नाहीत. गाळतात ती दारू. भट्टीवर उकळून, वाफ धरून, थंड करून थेंब थेंब उतरवली तर ते गाळणं. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. बिअरला भट्टीची ती वाफ लागतच नाही. सातूला मोड आणून सुकवतात (हेच माल्ट), भरडतात, गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवतात, ते पाणी हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुलं, घालून उकळतात, थंड झालं की यीस्ट घालून ठेवून देतात. नाचणीचं सत्त्व घरी करणाऱ्या बाईला माल्ट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही. अर्धी वाट ती दरवर्षी चालते.

म्हणून क्रियापद हवं ‘आंबवणे’. पण इथे आपलीच भाषा आडवी येते. आंबोळीचं पीठ आंबलं तर घर खूश, वरण आंबलं तर ते शेणखईत. ‘आंबवलेली बिअर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ती आंबट किंवा बिघडलेली वाटते. पाठ्यपुस्तकात ‘किण्वन’ आहे, पण तो शब्द तोंडात आला की समोर परीक्षेचा पेपर दिसतो. मी आंबवणेच म्हणते.

जुनं बाड :
संस्कृतात बिअरला ‘यवसुरा’ आहे. सुचवतो आहे असं नाही, नुसती नोंद. बाटलीवर छापलं तर लोक जेवणानंतर दोन चमचे घेतील.

‘हुर्राक’वरून आठवलं. तो आणि आपला ‘अर्क’ एकाच घराण्यातले, मूळ अरबी ‘अरक’, म्हणजे घाम किंवा पाझरलेला रस. भट्टीच्या नळीतून थेंब टपकताना ज्याने पाहिला त्याला घामच आठवणार. सरकारी कागदावरच्या ‘मद्यार्क’मध्ये म्हणजे पुढे संस्कृत आणि मागे अरबी बसली आहे. (रुईच्या झाडाचा अर्क वेगळा, तो संस्कृतच.)

माडाबुडी :
क्राफ्टला सरळ शब्द आहे आणि तो तुम्ही सगळे टाळताय : गावठी. थोडी थोडी केलेली, गावची, करणाऱ्याच्या हातची. गावठी कोंबडी म्हटलं की दोन पैसे जास्त मोजता, गावठी अंडी शोधत हिंडता. आणि त्याच शब्दापुढे दारू आली की पोलीस दिसतो. १९४९चा दारूबंदी कायदा आला, चोरून गाळणं वाढलं, आणि ‘गावठी’ हा शब्द त्या चोरट्या दारूच्या कॅनमध्ये बुडाला तो बुडालाच. पुण्या-मुंबईची पोरं तीच गोष्ट ‘क्राफ्ट’ म्हणून पितात, तर ती अभिरुची.

आणि टेस्टिंगचं काय सांगता? इथे झाडाप्रमाणे नाव आहे : माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. वेळेप्रमाणेही नाव बदलतं. मडक्याला आतून चुना लावून पहाटे उतरवली तर नीरा, गोड, पोरांनाही चालते. तसंच ठेवलं आणि उन्हं चढली की फसफसायला लागते, मग तिला माडी म्हणायचं, आणि संध्याकाळपर्यंत ती अंगावर येते. आमचे आजोबा पहिल्या घोटाला विचारायचे, “खंयच्या माडाची?” आणि माडाच्या पोयीला, म्हणजे फुलोऱ्याला, कोयता लावणाऱ्या भंडाऱ्याला ते सांगता यायचं. त्याला फळी लागत नव्हती.

खाडीपलीकडची :
मान्य, पण ‘गावठी बिअर’ अशी पाटी तुम्ही लावून दाखवा. पहिला हप्ता मागायला येणारा माणूस बिअर पिणारा नसेल.

घाटमाथ्यावरून :
बिअरच्या नावांत मला आवडलेली गंमत सांगतो. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही क्राफ्ट बिअर करणारी जागा सुरू झाली, आता मुंबईतही त्यांच्या टॅपरूम आहेत. नाव ऐकायला विलायती, पण गाव आपलं देवळाली. तिथल्या छावणीत गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची महिनोन्महिने वाट बघत बसायचे. उकाडा, रिकामपण आणि हिवताप यांनी डोकं फिरलं की त्याला म्हणायचे ‘डूलाली टॅप’. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! आता त्याच नावाच्या जागेत टॅपमधून बिअर येते. देवळालीचा ताप फिरून नळाला लागला.

लाटेकाठी :
फ्लाइटला ‘वानोळा’ कसा वाटतो? नवं पीक आलं, नवा पदार्थ केला की शेजारी चवीपुरतं पाठवतो तो वानोळा. हेच तर ते.

सड्यावरचा :
शब्द गोड आहे, पण वानोळ्याचे पैसे कोण घेतं? भाच्याचं बिल मी पाहिलंय. ‘वानगी’ त्यातल्या त्यात बरी, तिला व्यापाऱ्याची सवय आहे.

लाटेकाठी :
आणि चाखणे? ‘चाखणी’ करता येईल की.

जुनं बाड :
तिथे अडचण आहे. चाखण्यावरून आलेला ‘चकणा’ बारमध्ये आधीच बशीत बसला आहे, शेंगदाणे-काकडी घेऊन. ‘आज चाखणी आहे’ म्हटलंत तर लोक चिवडा घेऊन येतील. शिवाय ज्याची दृष्टी तिरळी तोही चकणा. गर्दी नको.

माडाबुडी :
गो बायो, शब्द हा, पण तुमका लाज वाटतली. नवटाक.

जुनं बाड :
वा! थांबा, हिशोब करू. शेराचे टांक बहात्तर, नऊ टांक म्हणजे नवटांक, शेराचा आठवा भाग. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा धरला तर साधारण ११६ ग्रॅम. त्या फळीवरच्या ग्लासात किती होती?

सड्यावरचा :
भाच्याला विचारलं. प्रत्येकी सव्वाशे मिली सांगतोय.

जुनं बाड :
म्हणजे मापाने चोख! शेर गेला, पावशेर भाजीवाल्याच्या तोंडी कसाबसा उरला, नवटाक फक्त गुत्त्यात जगला. ‘नवटाक मारली’ यात हेटाळणी आहे हे खरं, पण माप म्हणून तो शब्द कुठेही कमी पडत नाही. मी ‘चार नवटाकांची फळी’ म्हणायला लागतो आजपासून.

खाडीपलीकडची :
तेवढं चवीच्या शब्दांचंही बघा. टेस्टिंगच्या कागदावर ‘रोस्टी’ छापलेलं असतं, त्याला आपल्याकडे खमंग ते करपट अशी सगळी उतरंड आहे. हॉप्सला कडसर. बोंडूसारखं घसा धरणारं असेल तर तुरट. स्टाउट नावाच्या काळ्या बिअरला मी तव्यावर विसरलेल्या भाकरीचा वास म्हणाले, तर तिथल्या मुलाने तो लिहून घेतला.

लाटेकाठी :
विषय निघालाच आहे तर सावध करते. मुंबईच्या जावयांना फोनवर सांगितलं, “यंदाच्या फेण्या पाठवतेय, उन्हात चांगल्या वाळल्यात.” शेवटचे तीन शब्द त्यांना ऐकूच गेले नाहीत. पार्सल फोडलं तेव्हा मित्र जमलेले, बर्फ काढलेला, आणि आत तांदळाच्या पापडांची चळत. लेक म्हणाली, तळल्या आणि चकणा म्हणून संपवल्या.