पुरीमसाठी चित्रांची मेगिल्ला घ्यायची आहे, काय बघून घेऊ?

नवगावची_लेक:
नमस्कार मंडळी. माझा भाचा १३ वर्षांचा झाला, बार मित्स्वा (आपल्या ज्यू धर्मात मुलगा वयात आल्याचा विधी) झाली, आणि येत्या पुरीमच्या सणाला तो पहिल्यांदाच अख्खी एस्तेर, म्हणजे बायबलमधलं राणी एस्तेरचं पुस्तक, वाचणार आहे. भाऊ अश्दोदला असतो, मी ठाण्यात. आत्या म्हणून मला त्याला स्वतःची मेगिल्ला (एस्तेर लिहिलेली गुंडाळी) द्यायचीय, ती पण चित्रांची, नक्षीची. आमच्या आजीकडे (ती पुरीमला होळीचा सणच म्हणायची) होती ती अगदी साधी, काळी अक्षरं आणि बाकी काही नाही, त्यामुळे मला ह्यातलं काही कळत नाही. ऑनलाइन बघितलं तर एकाहून एक सुंदर दिसतात आणि किमतीत एवढा फरक की डोकंच चालेना. तेव्हा काय बघून घ्यायची, आणि चित्रं असली तर वाचायला चालते ना, हे कोणीतरी नीट सांगा.

शाई_आणि_बोरू:
ताई, मी जेरुसलेमला एका सोफेरकडे (धर्मग्रंथ हाताने लिहिणाऱ्याकडे) काही महिने अक्षर शिकलो, त्यावरून सांगतो. आधी चित्रं हाताने झाका आणि नुसतं अक्षर बघा. मजकूर चामड्यावर, म्हणजे क्लाफवर, हाताने लिहिलेला हवा आणि समोर दुसरी प्रत ठेवून बघून लिहिलेला हवा, पाठ आहे म्हणून लिहून टाकला असं चालत नाही. अक्षराला अक्षर चिकटलेलं नको, खाली स्वरांच्या खुणा नकोत. स्वस्तातल्या बहुतेक छापील असतात, कितीही देखण्या असल्या तरी त्यावरून वाचलेलं धरत नाहीत. विकणाऱ्याला सरळ विचारा, मजकूर कोणी लिहिला आणि तपासला कोणी. हल्ली स्कॅन करून कॉम्प्युटरवर पण तपासतात, सुटलेलं अक्षर त्यात लगेच सापडतं, पण माणसाची नजर फिरलेली हवीच.

चित्रांचं म्हणाल तर सेफेर तोरावर (मोशेच्या पाच पुस्तकांच्या गुंडाळीवर) कोणी फूल सुद्धा काढत नाही, पण एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, म्हणून इथे चित्रकाराला मोकळीक मिळाली असं बरेच जण मानतात.

दर्याकिनारी:
वरच्या दादांशी सहमत, फक्त एक वेगळं मत. आमच्या मशिदीत (म्हणजे सिनेगॉगमध्ये) वाचायला साधीच उघडतात, कारण वाचणाऱ्याची नजर चित्रात अडकते आणि लोकांना शब्द न् शब्द ऐकायचा असतो. त्यातून तुमचा भाचा नवखा. मी असते तर नक्षी फक्त वरच्या-खालच्या पट्टीत आणि रकान्यांच्या मधे असलेली घेतली असती. आणि जिथे प्रत्येक रकाना 'हामेलेख', म्हणजे राजा, ह्याच शब्दाने सुरू होतो ती पहिल्यांदा घेऊ नका. दिसते छान, पण ते जुळवायला लिहिणारा कुठे अक्षरं ताणतो कुठे दाबतो, मुलाला वाचताना त्रास होतो.

जुनी_पानं:
ताई, विकत घ्यायच्या आधी जुन्या बघा हो, प्लीज! एकदा नजर बसली की बाजारातलं चांगलं-वाईट आपोआप कळतं. ही कला खरी बहरली इटलीत, १६व्या शतकाच्या उत्तरार्धात. साल लिहिलेली सगळ्यात जुनी जी माहीत आहे ती व्हेनिसची, १५६४ ची, आणि ती एका बाईने केलीय, स्टेलिना बात मेनाहेम. झुरिकच्या ब्रागिन्स्की संग्रहात आहे, फोटो ऑनलाइन बघता येतात. मी पहिल्यांदा तिचं नाव वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या पानावरून हललेच नाही.

मग शालोम इतालिया बघा, मांतुआत जन्मलेला आणि पुढे ॲमस्टरडॅमला गेलेला. त्याने १६४० च्या दशकात तांब्याच्या पत्र्यावर चौकटी कोरल्या, कमानीच्या कमानी, मधेमधे राजा आणि एस्तेर उभे. चौकट छापायची आणि मजकूर मात्र हातानेच लिहायचा, म्हणजे वाचायलाही चालते आणि एकाच पत्र्यावरून बऱ्याच घरांत नक्षी पोचते. किती हुशारीने केलंय बघा! तुमच्या बजेटमध्ये आजही हीच पद्धत बसेल, छापील नक्षी आणि हाताचं अक्षर.

हानोवरच्या लायब्ररीत १७४६ ची एक आहे, वोल्फ लाइब कात्स पॉपर्सची, साडेसहा मीटर लांब, मजकूर हिब्रू नाही, चक्क जर्मन. तिची हुबेहूब प्रत पुस्तकवाल्यांनी काढलीय.

नवगावची_लेक:
बापरे, एवढं सगळं! रात्री दोन वाजेपर्यंत स्टेलिनाच बघत बसले. अजून एक विचारते, हामानच्या (एस्तेरच्या गोष्टीतल्या दुष्टाच्या) दहा मुलांच्या नावांचा रकाना प्रत्येकीत वेगळा का दिसतो?

शाई_आणि_बोरू:
ती नावं एका खाली एक लिहायची रीतच आहे, उजवीकडे नाव, डावीकडे 'वेएत' (म्हणजे 'आणि'), मधे मोकळी जागा. आणि वाचायची सगळी एका दमात. म्हणून तिथे अक्षर मोठं असलेली घ्या, भाच्याला बरं पडेल. एका रकान्यात ओळी किती ते पण विचारा, ११, २१, २८, ४२ अशा असतात. मी २१ किंवा २८ ची सुचवेन, ११ ची फार लांबते. वाचताना ती गुंडाळी सोडून पत्रासारखी घडी घालतात, कारण एस्तेरमध्येच तिला पत्र म्हटलंय, तेव्हा चामडं लवचिक आहे ना ते हातात घेऊन बघायला भावाला सांगा.

दर्याकिनारी:
आणि ताई, चित्र स्वतः ठरवून काढून घेणार असाल तर पहिल्या रकान्यापाशी काहीतरी आपलं काढून घ्या. पहिल्याच ओळीत आहे, राजाचे होदूपासून कुशपर्यंत (आफ्रिकेतला देश) १२७ प्रांत. होदू म्हणजे आपला हिंदुस्थान.

नवगावची_लेक:
अंगावर काटा आला. नवगावचा किनारा आणि नारळ काढायला सांगते. भावाला आत्ताच मेसेज टाकला, अक्षर तो जाऊन बघणार, चित्र मी सांगणार.